राणीछाप रुपया की चांदीची वीट : विकत घेताना काय तोलायचे, काय वाजवायचे

जुन्या रुपयात चांदी जास्त असते, असे घरोघर सांगितले जाते. ते खरे नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळचा अस्सल रुपया ९१.६७ टंचाचा असतो, म्हणजे बारा भागांत अकरा भाग चांदी आणि एक भाग तांबे. आजची सराफाकडची वीट किंवा नवे नाणे ९९.९ टंचाचे असते. नुसती चांदीच हवी असेल, तर जुने नाणे हा तिच्याकडे जायचा लांबचा रस्ता आहे. जुन्या नाण्याचे जादा पैसे मोजायचे ते त्याच्या सालासाठी, टांकसाळीसाठी आणि ते किती कमी झिजले आहे यासाठी. यातले काहीच ओळखता येत नसेल, तर ते जादा पैसे बुडाले असे समजावे.

म्हणून सराफ बाजाराची पायरी चढण्याआधी घरीच ठरवून घ्या : आज चांदी घ्यायची आहे की नाणे? दोन्हींचा भाव वेगळ्या मापाने ठरतो, दोन्हींतली फसवणूकही वेगळी असते. नाशिकमध्ये धनत्रयोदशीच्या आसपास ज्यांचे पैसे जातात, त्यांतले बहुतेक बनावट नाण्याला फसत नाहीत. नाणे खरेच असते, पण निम्म्या चांदीचे, आणि पैसे मोजलेले असतात पुऱ्या चांदीचे.

आधी वजनाचा हिशेब

ब्रिटिशकालीन रुपयाचे वजन १८० ग्रेन, म्हणजे ११.६६ ग्रॅम. जुना तोळा तो हाच. 'रुपयाभार चांदी' हा शब्दही यातूनच आला. आजच्या बाजारातला तोळा मात्र १० ग्रॅमचा. "तोळ्याचं नाणं आहे" असे कुणी म्हणाले, की कोणता तोळा, हे तिथल्या तिथे विचारून घ्या. दीड ग्रॅमहून अधिकचा फरक त्या एका शब्दात दडलेला असतो.

११.६६ ग्रॅमच्या चोख, म्हणजे ९१.६७ टंचाच्या, रुपयात शुद्ध चांदी १०.६९ ग्रॅम निघते. अधेली (अर्धा रुपया) ५.८३ ग्रॅमची, पावली (पाव रुपया) २.९२ ग्रॅमची, चवली (दोन आणे) १.४६ ग्रॅमची, आणि टंच तोच. चांदीची चवली १९१७ पर्यंतच मिळते. त्यानंतरच्या चौकोनी चवल्या तांबे-निकेलच्या आहेत. १९१९ च्या सुमारास चार आणे आणि आठ आणेही तांबे-निकेलमध्ये पाडले गेले. त्यांवर 'हाफ रुपी' असे न लिहिता 'एट ॲनाज' असे लिहिलेले असते. अक्षरे वाचली तर फसायचे कारण नाही.

१९४० पासून रुपयातली चांदी निम्म्यावर आली : ५० भाग चांदी, ४० तांबे, ५ निकेल, ५ जस्त. वजन मात्र तेच ठेवले. म्हणजे १९४० ते १९४५ च्या रुपयात शुद्ध चांदी फक्त ५.८३ ग्रॅम. १९४७ चा वाघाचा रुपया तर निव्वळ निकेलचा. लोहचुंबकाला टक्कन चिकटतो.

भाव रोज हलतो. हिशेब सोपा जावा म्हणून चांदी किलोला एक लाख धरू, म्हणजे ग्रॅमला १०० रुपये. मग १९१९ च्या रुपयातली चांदी १,०६९ रुपयांची आणि १९४२ च्या रुपयातली ५८३ रुपयांची. हे दोन्ही रुपये एकाच डब्यात, एकाच भावाने पडलेले असतात, आणि काळवंडलेले असले की लांबून सारखेच दिसतात. 'राजाछाप' म्हणून डोळे मिटून वीस नग घेतले आणि सगळे चाळीसच्या दशकातले निघाले, तर नगामागे ४८६ प्रमाणे ९,७२० रुपयांचा खड्डा. यात नकली काहीच नाही, त्यामुळे तक्रार तरी काय करणार?

सूत्र एकच : वजन × टंच ÷ १०० × ग्रॅमचा भाव. दुकानात उभे असताना मोबाइलवर एवढा गुणाकार केला, की पुढच्या बोलण्याला पाया मिळतो. झिजलेल्या, नेहमीच्या सालाच्या रुपयाला चांदीच्या किमतीवर थोडेफार जास्त देणे चालण्यासारखे आहे. दीडपट मागितले, तर त्याचे कारण विक्रेत्याला नाण्यावर बोट ठेवून दाखवता आले पाहिजे. "जुनं आहे" हे कारण नव्हे. त्या काळात रुपये कोट्यवधींनी पाडले गेले आहेत.

स्वतंत्र भारताची चांदीची नाणी यात बरेचदा दुर्लक्षित राहतात. १९६९ चे गांधीजींचे दहा रुपयांचे नाणे १५ ग्रॅमचे आणि ८० टंचाचे आहे, म्हणजे शुद्ध चांदी १२ ग्रॅम, राणीछापपेक्षा जास्त. १९७० आणि १९७१ चेही तसेच. १९७२ चे नाणे हातात जड लागते, २२.५ ग्रॅम भरते, पण टंच ५०, म्हणून चांदी ११.२५ ग्रॅमच. सरकारी टांकसाळीच्या पेटीबंद स्मारक नाण्यांबाबतही टंच वाचूनच पुढे जा. त्यांतली कितीतरी याच ५०-४०-५-५ मिश्रणाची आहेत. पेटी मखमली असली तरी आतली चांदी निम्मीच.

साल वाचा, सालाला पैसे पडत नाहीत

रुपया खरा की खोटा हे तपासायचे सर्वांत स्वस्त हत्यार म्हणजे त्यावरचे साल. ब्रिटिश रुपयावर प्रत्येक वर्षाचा आकडा नाही, आणि बनावट करणाऱ्याला हे ठाऊक नसते किंवा त्याला त्याची फिकीर नसते.

पुढची यादी वहीत उतरवून घ्या. चौथ्या विल्यमचा रुपया १८३५ सालाचा. व्हिक्टोरियाचा पहिला १८४० चा; हेच साल पुढे १८६२ पर्यंत नाण्यावर गोठलेले राहिले. मग १८६२ हा आकडा आला आणि तोही १८७४ पर्यंत तसाच पाडला गेला. १८७४ पासून खरे साल छापायला सुरुवात झाली. १८७६ पर्यंत 'व्हिक्टोरिया क्वीन' आणि १८७७ पासून १९०१ पर्यंत 'व्हिक्टोरिया एम्प्रेस'. सातव्या एडवर्डचे, उघड्या डोक्याचे रुपये १९०३ ते १९१०. पाचव्या जॉर्जचे १९११ ते १९२२. त्यानंतर पंधरा वर्षे रुपयाच नाही. सहाव्या जॉर्जचे १९३८ आणि १९३९ चे चोख चांदीचे, १९४० ते १९४५ चे निम्म्या चांदीचे, १९४७ चा निकेलचा.

तेव्हा १८५७ सालचा राणीचा रुपया कुणी "बंडाच्या वर्षातला" म्हणून पुढे केला, तर हात न लावता परत द्या. १९२५, १९३०, १९३५ चे रुपयेही तसेच. त्या सालांची अधेली-पावली असू शकते, रुपया नाही. राणीचे तोंड आणि मागे १९०५, किंवा 'एम्प्रेस' अक्षरे आणि साल १८६२, असले संकर बाजारात हमखास दिसतात. पावलीच्या बाबतीत १९४० साली चोख आणि निम्मी अशी सरमिसळ आहे, म्हणून त्या सालची पावली निम्म्याच टंचाची समजून भाव करावा.

सन १६१६, १७१७ किंवा १८१८, एका बाजूला 'ईस्ट इंडिया कंपनी' आणि दुसऱ्या बाजूला राम-सीता-हनुमान, असे नाणे बहुतेक घरांच्या देव्हाऱ्यात असते. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. पूजेला ठेवायला हरकत नाही. त्यासाठी हजारो रुपये मोजू नयेत, आणि ते 'तांदूळ ओढते' या गोष्टीवर तर मुळीच नाही.

सालामुळे भाव चढतो तिथे उलटी काळजी घ्या. १९३९ चा रुपया दुर्मिळ आहे, म्हणून १९३८ मधल्या शेवटच्या आठाला कोरून नऊ केला जातो. इथे चांदी खरी, वजन बरोबर, आवाजही बरोबर. फक्त दहापट भिंगाखाली त्या आकड्याभोवतीची जमीन खरवडलेली दिसते आणि नऊचे शेपूट बाकीच्या आकड्यांच्या मानाने बारीक किंवा उथळ असते. १९११ च्या रुपयाचीही अशीच कथा. राजाच्या झग्यावरच्या साखळीतला हत्ती सोंड आखूड असल्यामुळे डुकरासारखा दिसला, ओरड झाली, आणि १९१२ पासून नीट सोंडेचा हत्ती आला. 'डुकराचा रुपया' म्हणून जादा पैसे मागणाऱ्याच्या नाण्यावर १९११ च पाहिजे. १९१३ चा असेल तर तो साधा रुपया.

तोला, बुडवा, वाजवा

लागणारे सामान थोडके आहे : ०.०१ ग्रॅम दाखवणारा खिशातला काटा आणि तो तपासायचे १०० ग्रॅमचे वजन, दहापट भिंग, व्यास आणि जाडी मोजायचा व्हर्नियर, निओडिमियमचे छोटे लोहचुंबक, शिवणाचा बारीक दोरा. आणखी एक गोष्ट, काट्याहूनही महत्त्वाची : जाणकाराकडून पक्के तपासून घेतलेला, साध्या सालाचा एक रुपया. पुढचे प्रत्येक नाणे त्याच्या शेजारी ठेवून पाहायचे.

वजन आधी. वापरातला रुपया ११.४ ते ११.६६ ग्रॅमच्या दरम्यान भरतो. फार झिजलेला ११.२ पर्यंत उतरतो. तपशील कोरे करकरीत आणि वजन ११.१ असेल, तर ते जुळत नाही. झिजेवाचून वजन कसे घटले? ११.७० च्या वर भरणारा रुपयाही बाजूला ठेवावा. व्यास साडेतीस मिलिमीटरच्या आसपास हवा.

आता गिलटाचे, म्हणजे जर्मन सिल्व्हर या तांबे-निकेल-जस्ताच्या मिश्रणाचे गणित पाहा. ते चांदीपेक्षा हलके. रुपयाएवढ्याच आकाराचे गिलटाचे नाणे साधारण पावणेदहा ग्रॅम भरते. नकली करणाऱ्याने वजन ११.६६ पर्यंत नेले, तर नाणे अस्सलापेक्षा सुमारे २० टक्के फुगते, आणि ती फूग कडेच्या जाडीत सापडते. दोन्ही एकदम जुळवणे त्याला जमत नाही. व्हर्नियर आणि काटा जोडीने वापरायचा तो यासाठी.

पाण्याची परीक्षा घरी करा, दुकानात घाई होते. प्लॅस्टिकचा हलका पेला अर्धा भरून काट्यावर ठेवा. काचेचा जड ग्लास ठेवला तर छोट्या काट्याची क्षमता तिथेच संपते. काटा शून्यावर आणा. नाणे दोऱ्याच्या फासात अडकवून पूर्ण पाण्यात सोडा. तळाला किंवा बाजूला टेकता कामा नये. काट्यावर जो आकडा येईल ते नाण्याचे आकारमान, घन सेंटिमीटरमध्ये. नाण्याच्या कोरड्या वजनाला या आकड्याने भागा. उदाहरणार्थ ११.६२ ला १.१३ ने भागले तर १०.२८ येते. चोख रुपयाची घनता १०.३४ च्या आसपास, निम्म्या चांदीच्या रुपयाची ९.५, ९९.९ टंचाच्या चांदीची १०.४९, गिलटाची साधारण ८.६.

चुकते कुठे? नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे आकारमान वाढवतात आणि खरे नाणे खोटे ठरते. पाण्यात भांडी घासायच्या द्रवाचा एक थेंब टाका, नाणे हलवून बुडबुडे सोडवा. जाड दोरा पाणी पितो. पंखा चालू असेल तर शेवटचा आकडा नाचत राहतो. आणि काट्याच्या शेवटच्या आकड्यात एकाचा फरक पडला तरी उत्तर ०.०९ ने हलते, म्हणून तीनदा मोजून मधला आकडा धरा. १०.२ ते १०.५ मध्ये उत्तर आले तर चालेल. चवली-पावलीसाठी या काट्याचा उपयोग नाही. आकारमान इतके कमी की छोट्या चुकीनेही उत्तर फार हलते.

मग आवाज. बंद्या रुपयासारखा खणखणीत, असे आपण उगाच म्हणत नाही. नाणे बोटाच्या टोकावर तोलून धरा आणि दुसऱ्या नाण्याच्या कडेने हलकेच टोला द्या. चांदीचा नाद बारीक, स्वच्छ आणि लांबत जाणारा. शिसे मिसळलेले नाणे थप्प वाजते. शिसे आणि हलका धातू मिसळून घनता जुळवता येते, पण असे नाणे खणखणत नाही. पाण्याला चकवणारे आवाजात सापडते. मात्र एकदा कडी लावून मग काढलेले, किंवा केसाएवढी चीर गेलेले अस्सल नाणेही बद्द वाजते. ते खोटे नव्हे. तरी त्याला बट्टा लागतोच, कारण संग्राहकाच्या लेखी ते दुखावलेले नाणे आहे. फरशीवर आपटून पाहायची जुनी रीत सोडून द्या. कडेला पडलेला ठोका कायमचा राहतो.

चुंबकाला नाणे चिकटले तर विषय संपला. नाही चिकटले म्हणून चांदी ठरत नाही. तांबे, पितळ, शिसे, गिलटही चिकटत नाही. विटेवर चुंबक हळूहळू घसरतो हे खरे, पण तांब्यावरही तो तसाच रेंगाळतो. बर्फाचा खडा ठेवून तो किती भरभर वितळतो हे पाहण्याची युक्तीही तांब्यापुढे तोकडी पडते.

भिंगाखाली

ओतीव नकली नाण्याचे अंग साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत दिसते. केसांच्या बटा, झग्यावरची नक्षी, अक्षरांचे कोपरे सगळेच बोथट. सपाट जागेत सुईच्या टोकाएवढे खड्डे असतात. ते ओतताना अडकलेल्या वायूमुळे पडतात. कडेवर साच्याचे दोन भाग जुळल्याची रेघ किंवा ती घासून काढल्याच्या खुणा शोधा. अस्सल रुपयाच्या कडेचे दाते सारख्या अंतरावर, सरळ आणि धारदार असतात. चाळीसच्या दशकातल्या निम्म्या चांदीच्या रुपयाची कड नुसत्या दात्यांची नाही, तिच्यात मुद्दाम खाच ठेवली आहे. नकलीत कडेकडे सर्वांत कमी लक्ष दिलेले असते, म्हणून पाहणाऱ्याने सुरुवात तिथूनच करावी.

मुलाम्याचे नाणे उंचवट्यांवर उघडे पडते. गाल, मुकुटाचे टोक, कडेची धार इथे पिवळट किंवा तांबूस झाक आली, की आत दुसरा धातू आहे. निम्म्या चांदीचा खरा रुपयाही झिजल्यावर किंचित पिवळसर दिसतो. तिथे सालाशी ताळा घाला.

सगळ्यांत त्रासदायक नकली नाणे खऱ्या चांदीचे असते. कारागिराकडून नव्या ठशावर पाडलेले, पूजेसाठी म्हणून विकले जाणारे. चांदी म्हणून ते चालेल. राणीच्या काळचे म्हणून नाही. एकाच ढिगात पाच-सहा रुपये एकाच सालाचे, सारख्याच चकाकीचे आणि एकाच ठिकाणी एकसारखा ओरखडा असलेले दिसले, तर तो ओरखडा साच्यातून आलेला आहे. दोन नाणी शंभर वर्षे हातोहात फिरून एकाच जागी सारखी झिजत नाहीत.

नाशिककराला भुरळ घालणारे नाणे

इथे विक्रेत्याला गिऱ्हाइकाचा अभिमान ठाऊक असतो. "जोगलटेंभीचं नाणं" म्हणून छोटे चांदीचे नाणे पुढे येते. १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलटेंभीला क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा ठेवा सापडला आणि त्यातल्या नऊ हजारांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने आपला ठसा पुन्हा मारलेला होता, हा इतिहास पक्का आहे. पण दोन-सव्वादोन ग्रॅमच्या त्या नाण्याची ओतीव नक्कल सोपी, आणि वजनाला एकच एक माप नाही. गुलशनाबाद, म्हणजे नाशिकच्याच टांकसाळीचे, किंवा 'जाफराबाद उर्फ चांदोर' असे लिहिलेले चांदवडचे मराठेशाही रुपये हातोड्याने पाडलेले असल्यामुळे त्यांचा आकार वेडावाकडाच असतो. ठसा अर्धा नाण्याबाहेर गेलेला असतो, त्यामुळे वर सांगितलेली सालाची यादी इथे निरुपयोगी.

अशा रुपयांवर जुन्या सराफांनी पारखताना मारलेले टोचे असतात. खऱ्या टोच्याची कड तीक्ष्ण आणि आतला धातू दाबलेला. ओतीव नकलेत टोचाही बोथट. एकच टोचा एकाच जागी असलेली दोन नाणी भेटली, तर दोन्ही परत करा. नवख्याने पहिली दोन वर्षे या वाटेला जाऊ नये, असे आमचे स्पष्ट मत. त्याआधी त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला भारतीय मुद्रा संशोधन संस्थेचे नाण्यांचे संग्रहालय आहे, तिथे अर्धा दिवस घालवावा. अस्सल ठसा डोळ्यांत बसला की नकली आपोआप खटकतो.

"शेत नांगरताना हंडा सापडला" असे सांगत कुणी दोन नाणी दाखवायला आला, तर ती दोन बहुधा खरी असतात. सराफाकडून तपासून आणा, असे तो स्वतःच म्हणतो. पैसे घेऊन मिळणारी थैली गिलटाची किंवा पितळेची निघते. आणि थैली खरी असली तरी जमिनीत सापडलेले धन जिल्हाधिकाऱ्यांना कळवणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. ते परस्पर विकत घेणारा अडकतो.

'नाशिकरोडच्या प्रेसमधून आलेलं' चांदीचे नाणे ही दुसरी थाप. नाशिकरोडला नोटा छापतात. सरकारी टांकसाळी मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडाला आहेत.

टंच मशीनवर किती भरवसा ठेवावा

सराफ बाजारात एक्स-रे मशीनवर टंच काढून मिळतो. नाण्याला इजा होत नाही. पण मशीन वरवरचा, केसाहून पातळ थर वाचते. जाड मुलाम्याचे नाणे त्यावर ९९ टंच दाखवू शकते. उलट बाजूने, जुन्या अस्सल रुपयाच्या पृष्ठभागावरचे तांबे निघून गेलेले असते, म्हणून ९१.६७ ऐवजी ९४-९५ आले तरी घाबरू नये. नाण्याच्या दोन्ही बाजू आणि कडेचा झिजलेला भाग, अशा तीन जागी टंच काढायला सांगा आणि पाण्याच्या घनतेशी जुळवा. मशीन पृष्ठभाग सांगते, पाणी पोटातले सांगते. दोघांचे एकमत झाले, की व्यवहार करावा.

कसोटीवर घासणे आणि तेजाबाचा (तीव्र आम्लाचा) थेंब हे विटेसाठी ठीक. संग्राह्य नाण्याला तेजाब लावले, की त्याची नाण्याची किंमत गेली, उरली फक्त चांदीची.

वीट किंवा नवे नाणे घेताना

लहान नगाला मजुरी जास्त बसते. वरच्याच भावाने १० ग्रॅमच्या नाण्याची चांदी १,००० रुपयांची. त्यावर १०० रुपये मजुरी लावली तर १,१०० आणि ३ टक्के जीएसटी धरून १,१३३. परत विकायला गेलात तर मजुरी आणि कर दोन्ही येत नाहीत, वर काही सराफ घट कापतात. म्हणजे भाव तेरा-चौदा टक्के चढेपर्यंत तुम्ही तोट्यातच. तीच चांदी १०० ग्रॅम किंवा अर्ध्या किलोच्या विटेत घेतली तर ग्रॅममागची मजुरी बरीच खाली येते. लक्ष्मी-गणपतीचे पाच ग्रॅमचे नाणे भेट म्हणून द्यावे, गुंतवणूक म्हणून साठवू नये.

विटेत धोका पोटात असतो. १०० ग्रॅमच्या शुद्ध विटेचे आकारमान ९.५३ घन सेंटिमीटर, किलोच्या विटेचे ९५.३. लांबी-रुंदी-जाडी मोजून ढोबळ ताळा घाला. शिसे भरलेली वीट त्याच वजनाला लहान दिसते, तांबे भरलेली मोठी. ज्या विटेवर शुद्धीकरण करणाऱ्याचे नाव, अनुक्रमांक, वजन आणि ९९९ हे चारही कोरलेले नाहीत, ती स्वस्त असली तरी सोडा. सीलबंद पाकिटावरचा क्रमांक आणि आतल्या विटेवरचा क्रमांक जुळवा. पाकिटे पुन्हा चिकटवता येतात. चांदीच्या हॉलमार्कवर १ सप्टेंबर २०२५ पासून एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक नगाचा सहा अक्षर-अंकी ओळख क्रमांक, येऊ लागला आहे. तो अजून ऐच्छिक आहे. असेल तर 'बीआयएस केअर' ॲपमध्ये घालून पाहा.

घेण्याआधीच विचारा : परत आणली तर घट किती, भाव कोणत्या दिवसाचा, आणि बिल नसेल तरी घेणार का. उत्तर बिलावर लिहून मागा. बिलावर वजन, टंच, नग, मजुरी आणि कर वेगवेगळे हवेत. जुन्या नाण्याच्या बिलावर राजा किंवा राणी, साल आणि 'अस्सल' हा शब्द हवा; नुसते 'चांदीचे नाणे १ नग' लिहिले असेल, तर उद्या भांडायला हातात काही राहत नाही. दोन लाख किंवा त्याहून जास्त रक्कम रोखीने घ्यायला विक्रेत्याला कायद्याने मनाई आहे. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवून विकलेल्या चांदीच्या नफ्यावर साडेबारा टक्के कर बसतो, आणि खरेदीची किंमत सिद्ध करायला पुन्हा तेच बिल लागते.

शंभर वर्षांवरचे नाणे १९७२ च्या पुरावस्तू कायद्यात येते. म्हणजे १९२२ पर्यंतचे सगळे रुपये आता त्यात आले. घरात ठेवायला अडचण नाही, पण ते देशाबाहेर नेता किंवा पाठवता येत नाहीत. परदेशातल्या लेकीला दिवाळीच्या फराळात राणीछाप घालून पाठवू नका. 'जुनं नाणं द्या, लाखो रुपये घ्या' अशा जाहिरातीत रिझर्व्ह बँकेचे नाव आणि आगाऊ शुल्क आले, की ती ठगी. बँकेने २०२१ मध्येच असल्या व्यवहारांशी आपला संबंध नाही, असे जाहीर केले आहे.

घरी आणल्यावर

जुना रुपया घासू नका. चिंच, लिंबू, राख, भांड्यांची पावडर, टूथपेस्ट यांपैकी काहीही लावले की शंभर वर्षांची राखाडी झाक जाते आणि बारीक ओरखडे राहतात. संग्राहक ते एका नजरेत ओळखतो आणि भाव चांदीवर आणतो. माती असेल तर साध्या पाण्यात रात्रभर ठेवून मऊ कापडाने टिपून घ्या. नाणे नेहमी कडेला धरा.

रबरबँड, लोकर आणि मऊ, वासाच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या यांपासून चांदी दूर ठेवा. कडक, स्वच्छ प्लॅस्टिकच्या डबीत किंवा आम्ल नसलेल्या कागदात नाणे टिकते. पावसाळ्यात सोबत सिलिका जेलची पुडी टाका आणि ती दर वर्षी बदला. द्राक्षबागेच्या घरांत एक जास्तीची खबरदारी : फवारणीचे गंधक ज्या खोलीत असेल, तिथल्या कपाटात चांदी नको. एका हंगामात नाणी काळी-निळी पडतात. प्रत्येक नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो, वजन आणि बिलाची प्रत एकाच वहीत ठेवा, आणि ती वही नाण्यांच्या डब्यात न ठेवता दुसरीकडे ठेवा.